‘मेकॅनिकल कॅमेरा आयुष्यभर चालतो’ हे कितपत खरं?

बडोद्यातल्या मराठी घरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे: ‘आजोबांच्या कपाटातला फिल्म कॅमेरा विकू नका. डिजिटल पाच वर्षांत भंगारात जातो, हा पूर्ण मेकॅनिकल आहे. सेल लागत नाही, कुठलाही कारागीर दुरुस्त करतो, लेन्सची बुरशी पुसली की जाते आणि भाव सोन्यासारखा चढतच राहतो.’ विकू नका, एवढं ठीक. बाकीचं एकेक करून पाहू.

‘सेल लागत नाही.’ हे मॉडेलवर अवलंबून आहे. पेंटॅक्स के१००० (१९७६ ते १९९७) किंवा नायकॉन एफएम२ यांना सेल फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरसाठी लागतो. कॅनन एई-१ही १९७६चाच, पण त्याचं शटर, म्हणजे फिल्मवर क्षणभर प्रकाश सोडणारा पडदा, इलेक्ट्रॉनिक आहे. ६ व्होल्टचा सेल संपला की कळ दाबून काही होत नाही. याशिका इलेक्ट्रो ३५ सेलशिवाय चालतो, पण फक्त १/५०० सेकंदाच्या वेगावर. शिवाय तो मूळचा पाऱ्याच्या सेलवर चालायचा आणि ते सेल आता बनत नाहीत. ज्या कॅमेऱ्यांच्या मीटरला १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, त्यांत १.५ व्होल्टचा अल्कलाइन टाकला तर बऱ्याच मीटरांचा काटा जास्त प्रकाश दाखवतो आणि निगेटिव्ह पातळ, म्हणजे कमी प्रकाश मिळालेलं, येतं. श्रवणयंत्राचा ६७५ क्रमांकाचा झिंक-एअर सेल त्यामानाने बरा. पट्टी काढल्यावर मात्र काही आठवड्यांत संपतो.

सेलच नको असलेला कॅमेरा हवा, तर बडोद्यातच न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला आग्फा क्लिक-३ पाहा. १२० क्रमांकाचा रुंद रोल, बारा चौकोनी फोटो, आत बिघडण्यासारखं जवळपास काही नाही. गंमत म्हणजे त्यालाच बाजारात फारसा भाव नाही.

‘कुठलाही कारागीर दुरुस्त करतो.’ इथे मजकूर सगळ्यात जास्त फसवतो. मेकॅनिकल कॅमेरा वापराने जितका बिघडतो, त्याहून जास्त पडून राहिल्याने बिघडतो. आतलं ग्रीस सुकून चिकट होतं, मग १/२५० बरोबर उडतं आणि १/८ किंवा १ सेकंदावर शटर मध्येच अडकतं, कारण संथ वेगांचे गिअर वेगळे असतात. म्हणून घेण्यापूर्वी प्रत्येक वेगावर चार-पाचदा शटर उडवून बघावं. त्यात तेलाचा स्प्रे मारणं हा शुद्ध अविचार. ते तेल पसरत लेन्सच्या अॅपर्चरच्या (प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या छिद्राच्या) पात्यांवर जातं, पाती उशिरा मिटतात आणि फोटो जास्त उजळ येतात.

एक काम घरी नक्की होतं: प्रकाश अडवणारा फोम बदलणं. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या कॅमेऱ्यांतला हा फोम आज चिकट काळा राडा झालेला असतो. मागचं दार उघडून कॅमेरा पालथा धरा, म्हणजे कण शटरच्या पडद्यावर न पडता खाली पडतील. बांबूच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून खाचा खरवडा. अरुंद खाचांत काळी लोकर बसते, बिजागरीकडे दीड-दोन मिलिमीटर जाडीची फोमची पट्टी. आरशाच्या वरचा फोम बदलताना फोकसिंग स्क्रीनवर (जिच्यावर दृश्य उमटतं त्या पट्टीवर) कागद ठेवा. ती प्लॅस्टिकची असते, अल्कोहोलने कायमची खराब होते.

याच्यापुढे जायचं तर जपानी कॅमेऱ्यांच्या जेआयएस (जपानी मानकाच्या) स्क्रूंना त्याच मानकाचा स्क्रूड्रायव्हर लागतो. साधा फिलिप्स निसटतो आणि स्क्रूची डोकी खाऊन टाकतो. शटरचा वेग मोजायला टेस्टर लागतो. सुटे भाग तर जुन्या, मेलेल्या कॅमेऱ्यांतूनच काढावे लागतात. त्यामुळे के१०००सारखा भरमसाट विकला गेलेला कॅमेरा एखाद्या दुर्मीळ ‘खानदानी’ कॅमेऱ्यापेक्षा दुरुस्तीला सोपा पडतो. नव्वदच्या दशकातल्या ऑटोफोकस कॅमेऱ्याचा सर्किट बोर्ड गेला, तर बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. ऑगस्ट २०२४च्या विश्वामित्री नदीच्या पुरात बुडालेला कॅमेरा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. गाळ गिअरांत बसलेला असतो आणि गंज बाहेरून दिसत नाही.

‘बुरशी पुसली की जाते.’ बुरशी आतल्या काचांवर असते, फडकं तिथे पोचत नाही. अॅपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. लेन्स स्पॅनरने (काचा धरणारी कडी फिरवायच्या हत्याराने) कडी काढून, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनियाच्या सौम्य मिश्रणाने ती निघते, पण तिच्यातल्या आम्लाने काचेवरचं कोटिंग (पातळ लेप) खाल्लं असेल तर डाग राहतो. एकमेकांना चिकटवलेल्या दोन काचांच्या मधली बुरशी तर सोडूनच द्यावी. बडोद्याच्या पावसाळ्यात बंद कपाट आणि चामड्याचं केस म्हणजे तिला आमंत्रण. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि अगदी स्वस्तातला नव्हे, बऱ्यापैकी आर्द्रतामापक ठेवावा. काटा ४० ते ५० टक्क्यांत असावा. उलट पेंटॅक्सची टाकुमार ५० मिमी एफ/१.४ ही लेन्स पिवळी दिसली म्हणून टाकू नका. तो थोरियमच्या काचेचा रंग आहे, काही दिवस अतिनील प्रकाशात ठेवली की बराच उतरतो.

‘भाव चढतच राहतो.’ काही मोजक्या मॉडेलांचा चढला, तोही चालू स्थितीतल्या. मागितलेल्या किमतीत सर्व्हिसिंगचा खर्च मिळवून मगच तुलना करा. आणि रोल मिळतो का हे आधी बघा: ३५ मिमी आणि १२० मिळतात, पण १२६ कार्ट्रिजचा (बंद डबीतल्या रोलचा) कोडॅक इन्स्टामॅटिक कितीही चकचकीत असला तरी त्याचा ताजा रोल आज कुणी बनवत नाही.