साहेबांचा अंगठा

परवा मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "काही लोकांना बदल नकोच असतो," आणि बघितलं नेमकं माझ्याकडे. मग बाकीच्यांनीही माना वळवल्या. कारण काय, तर मी एवढंच विचारलं होतं की नव्या ॲपवर दिलेलं अप्रूव्हल ऑडिटला दाखवायचं कसं. बस्स. एवढ्यावर मी बदलाची वैरीण ठरले. तेव्हा तापलेलं डोकं अजून उतरलेलं नाही, म्हणून हे लिहितेय.

मी खरेदी विभागात आहे. २१ वर्षं झाली. मी आले तेव्हा पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, कार्बन पेपर घालून तीन प्रतींत निघायची आणि जाडजूड रजिस्टरमध्ये तिची नोंद व्हायची. मग ईआरपी आलं, म्हणजे खरेदीपासून हिशेबापर्यंत सगळं एकाच जागी ठेवणारं सॉफ्टवेअर. अर्धं ऑफिस कपाळाला हात लावून बसलं होतं तेव्हा रात्री आठ-आठ वाजेपर्यंत थांबून व्हेंडर मास्टर, म्हणजे माल पुरवणाऱ्यांची सगळी माहिती, भरणारी मी होते. मला कुणी 'चेंज मॅनेजमेंट'च्या स्लाइड दाखवल्या नव्हत्या. रजिस्टर बंद झालं, त्याच्या जागी ईआरपी आलं, काम सुटसुटीत झालं, मी शिकले. याला बदल म्हणतात. एक जातं आणि दुसरं येतं.

आता जात काहीच नाही. नुसतं येतं.

मेल आहेच. ईआरपी आहेच. त्यावर व्हॉट्सॲपचा ग्रुप आला, म्हणे तातडीच्या गोष्टींसाठी. मग सगळंच तातडीचं झालं. ग्रुपवर फार पसारा होतो म्हणून ऑफिसचं वेगळं चॅट ॲप आलं, त्यात विषयवार चॅनेल. चॅनेलवर कुणी बोलत नाही म्हणून 'आपलं स्वतःचं सोशल मीडिया' आलं, तिथे पोस्टी टाकायच्या आणि एकमेकांना बॅज द्यायचे. आणि या सगळ्यात कामाचं काय चाललंय हे कळेना म्हणून शेवटी टास्क बोर्ड. एका व्हेंडरचं एक क्वोटेशन शोधायचं तर सहा ठिकाणी हात घालावा लागतो. एक ना धड, भाराभर चिंध्या.

जुनं बंद का करत नाही, असं विचारलं तर उत्तर येतं, "असू दे ना, बॅकअप म्हणून." म्हणजे सहाही ठिकाणी डोळे लावून बसायचं आम्ही. आणि एका ठिकाणी बघायचं राहिलं की, "मी टाकलं होतं की चॅनेलवर, तुम्ही बघितलं नाही?" टाकलं की त्यांचं काम संपलं. हा 'टाकलं' शब्दच मला आता ऐकवत नाही. पूर्वी माणूस सांगायचा, कळवायचा, विचारायचा. आता टाकतो. कचरा टाकतात तसं.

ट्रेनिंगचं तर विचारूच नका. दोन तासांच्या ट्रेनिंगमध्ये पाऊण तास सुरवंट आणि फुलपाखरू. सुरवंटाने बदल स्वीकारला म्हणून त्याला पंख फुटले! अहो, सुरवंटाला कोष सोडल्यावर पुन्हा सुरवंटाचंही काम करायला लावत नाहीत. इथे पंख लावून पानंही खायचीत. आणि फाइल कुठे जोडायची, जुन्या ऑर्डरी शोधायच्या कशा, हे विचारलं तर "ते तुम्ही एक्सप्लोअर करा."

पण खरा संताप आहे तो अंगठ्याचा.

पूर्वी तीन व्हेंडरचा कम्पॅरेटिव्ह, म्हणजे त्यांच्या रेट आणि अटींचा तुलनेचा तक्ता, तयार करून मी साहेबांच्या टेबलावर न्यायचे. ते वाचायचे, एखादा खवचट प्रश्न विचारायचे, सही करायचे. पुढे मेलवर 'अप्रूव्ह्ड' यायला लागलं. तेही चाललं, त्यात नाव असतं, तारीख असते, वेळ असते. आता मी तिघांचे रेट, डिलिव्हरीची मुदत, पेमेंटच्या अटी असं सगळं निस्तरून चॅटवर पाठवते आणि त्याच्या कोपऱ्यात एक पिवळा अंगठा उगवतो. या अंगठ्याचा अर्थ काय लावायचा? मंजूर? वाचलं? नंतर बघतो? मंजूर असेल तर तिघांपैकी कुणाला? मराठीत तर अंगठा दाखवणे म्हणजे सरळ ठेंगा दाखवणे. तोच अर्थ धरू का?

ज्यांना लिहिता येत नव्हतं ते अंगठा उठवायचे, ते मी समजू शकते. त्या अंगठ्याला निदान शाई होती, ठसा ज्याचा त्याचा वेगळा होता, शेजारी साक्षीदाराची सही होती. इथे भिंतीवर डिग्र्यांच्या फ्रेमा लावलेला माणूस अंगठा उठवतो, आणि तो अंगठा सगळ्या जगाचा सारखाच!

मी उगाच बाऊ करते असं वाटत असेल तर ऐका. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात यावरून कोर्टात केस झाली. धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीने एका शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो मोबाइलवर पाठवला आणि कन्फर्म करा म्हणून सांगितलं. त्याने उत्तरादाखल अंगठा पाठवला. पुढे माल काही आला नाही. शेतकरी म्हणाला, अंगठा म्हणजे करार मिळाला एवढंच. कंपनी म्हणाली, अंगठा म्हणजे मान्य. याआधीचे त्यांचे करारही 'ओके', 'यप' अशा एकेका शब्दावर झालेले होते, तेही कोर्टाने जमेस धरलं. २०२३ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला आणि ८२ हजार कॅनेडियन डॉलरहून जास्त भरपाई शेतकऱ्याच्या गळ्यात पडली. एका अंगठ्यापायी!

ही बातमी मी साहेबांना पाठवली. त्यांनी तिच्यावर अंगठा टाकला.

आता आमच्याकडचं. मागच्या तिमाहीत पॅकिंगच्या खोक्यांची मोठी ऑर्डर होती. कम्पॅरेटिव्ह पाठवला, अंगठा आला, मी पीओ काढली. दोन आठवड्यांनी दुसऱ्याच व्हेंडरने रेट पाडला आणि वरून विचारणा झाली की याला ऑर्डर दिलीच कशी. साहेब मला म्हणतात, "मी कुठे मंजूर केलं होतं?" मी चॅट उघडून बघते तर मेसेज आहे आणि अंगठा गायब! रिअ‍ॅक्शन देता येते तशी काढूनही घेता येते, आणि काढल्यावर मागे काही खूण उरत नाही. मेसेज डिलीट केला तर 'हा मेसेज डिलीट केला' अशी पाटी तरी राहते. अंगठा गेला की गेला. त्यांनी तो मुद्दाम काढला असं मी म्हणत नाही. स्क्रोल करताना लागलं असेल बोट. पण बोट लागून कागदावरची सही पुसली गेली, असं या २१ वर्षांत एकदाही झालेलं मला आठवत नाही.

ऑडिटरने क्वेरी काढली. उत्तर अर्थातच मी द्यायचं.

बरं, त्या व्हेंडरशी झालेली आधीची बोलणी तरी दाखवावी म्हणून चॅनेलवर गेले, तर तिथे नुसता शुकशुकाट. ऑफिसने त्या ॲपचा फुकटचा प्लॅन घेतलेला, त्यात ९० दिवसांपलीकडचं काही दिसत नाही. हे आम्हाला सांगावं असं कुणालाच सुचलं नाही. ऑडिट वर्षाचं असतं हो, ९० दिवसांचं नसतं! सुरवंटाला पाऊण तास देता, हे सांगायला एक मिनिट लागलं असतं.

आणि "हेच भविष्य आहे" असं छातीठोकपणे सांगतात त्याचं मला फार हसू येतं. गूगल वेव्ह २००९ मध्ये आलं तेव्हा ते मेलला संपवणार म्हणत होते. वर्षभरातच गूगलने त्यातून अंग काढून घेतलं. मेल १९७१ पासून आहे, अजून आहे. गूगल प्लस २०११ मध्ये आलं, २०१९ मध्ये सामान्य लोकांसाठी बंद झालं. खास ऑफिसांसाठी म्हणून फेसबुकने २०१६ मध्ये वर्कप्लेस काढलं, मे २०२४ मध्ये ते गुंडाळत असल्याचं मेटाने जाहीर केलं आणि ३१ ऑगस्ट २०२५ नंतर तिथे फक्त जुनं वाचायची सोय ठेवली. एवढ्या बड्या कंपन्या आपली भविष्यं अशी मोडीत काढतात. माझं कार्बन कॉपीचं रजिस्टर मात्र अजून कपाटात आहे. उघडलं की वाचता येतं. पासवर्ड लागत नाही.

हे ऑफिसच्या आतलं झालं. आता आमचे खासगी अकाउंटही कामाला जुंपलेत.

कंपनीच्या लिंक्डइन पेजवर पोस्ट आली की ती आम्ही आमच्या अकाउंटवरून लाइक करायची, शेअर करायची, आणि वर "मनापासून" दोन ओळी लिहायच्या. त्याला नाव आहे 'एम्प्लॉयी अ‍ॅडव्होकसी'. न करणाऱ्यांची यादी शनिवारी ग्रुपवर येते. एकदा त्या यादीत माझं नाव पहिलं होतं, म्हणून मी चरफडत एक पोस्ट टाकली, मी अमुक कंपनीत खरेदी सांभाळते वगैरे. झालं! दुसऱ्या दिवसापासून पुठ्ठेवाले, बेअरिंगवाले, युनिफॉर्मवाले, सगळे माझ्या इनबॉक्सात. रात्री अकरा वाजता "मॅडम, एकदा संधी द्या." एकाने तर माझ्या वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली रेट कार्ड चिकटवलं. आणि त्यातल्या एखाद्याला उद्या खरोखर ऑर्डर लागली तर याच ऑफिसात विचारतील, "यांची तुमची ओळख कशी हो?" खरेदीतल्या माणसाने व्हेंडरपासून अंतर ठेवावं, हे मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. तेच अंतर आता शनिवारच्या यादीसाठी मोडायचं.

कुणी म्हणेल, वय झालं, झेपत नाही. आमच्याकडे २४ वर्षांचा एक नवा मुलगा आहे. जन्मापासून स्क्रीनवर वाढलेला. मला वाटायचं, हा तरंगत असेल यात. परवा त्याचा फोन बघितला तर ऑफिसचे झाडून सगळे ग्रुप म्यूट! म्हणाला, "ताई, मी तर बघतच नाही. खरंच महत्त्वाचं असलं की लोक फोन करतात." मी गेली दोन वर्षं प्रामाणिकपणे प्रत्येक टिणटिण उघडून बघतेय आणि बदलाला विरोध करणारी कोण, तर मी!

आणि साहेब स्वतः? त्या 'आपल्या सोशल मीडिया'वर त्यांच्या नावाने ज्या पोस्टी येतात त्या त्यांची सेक्रेटरी टाकते. टास्क बोर्ड त्यांना प्रिंट काढून लागतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

मला मोबाइल नको, चॅट नको असं अजिबात नाही. गोडाऊनच्या गेटवर गाडी उतरतानाच फुटलेल्या खोक्याचा फोटो आमचा स्टोअरवाला मला पाठवतो, मी तो तिथल्या तिथे व्हेंडरला पाठवते, आणि पूर्वी आठवडाभर चालणारं "माल आमच्याकडून नीटच निघाला होता" हे पुराण दोन मिनिटांत मिटतं. ही सोय मला कुठल्या ट्रेनिंगने शिकवली नाही. आम्ही दोघांनीच काढली, कारण ती उपयोगाची होती. अशा उपयोगाच्या गोष्टीसाठी कुणाच्या पाठी लागावं लागत नाही, आणि शनिवारी याद्याही लावाव्या लागत नाहीत.

ऑडिटची क्वेरी अजून उघडीच आहे. तोवर मी माझी सोय लावलीय. अंगठा आला रे आला की त्याचा स्क्रीनशॉट काढते, तारीख-वेळ दिसेल असा. प्रिंट काढते, कम्पॅरेटिव्हला टाचते आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन त्यावर त्यांची सही घेते. काल अशीच एक सही घेतली. स्वतःच्या अंगठ्याच्या फोटोखाली सही ठोकत मान हलवून म्हणाले, "मॅडम, तुम्ही अजून कागदातच अडकल्यात."