बूट नवा, कटकट जुनी: एक स्टार देणाऱ्या ग्राहकाला आमचं उत्तर

सर, नमस्कार.

तुमचा अभिप्राय रात्री मोबाइलवर वाचला आणि सकाळी गॅरेजचं शटर उघडल्यावर पोरांना गोळा करून मोठ्यानं वाचून दाखवला. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुमची 2008 ची वॅगन आर. डाव्या चाकाकडचा एक्सलचा बूट, म्हणजे एक्सलच्या टोकाच्या जॉइंटवरची रबरी पिशवी, फाटला म्हणून आमच्याकडे आली. आम्ही 1,650 रुपये घेतले आणि एका दिवसाचं काम सांगून दोन दिवस लावले. पंधरा दिवसांत वळणावर कटकट ऐकू यायला लागली, वर रिमला आतून ग्रीसचे शिंतोडे. तुम्ही परत आलात तर आम्ही म्हणालो, जॉइंटच गेलाय, 3,200 लागतील. "आधी छोट्या बिलात अडकवायचं, मग मोठं बिल लावायचं, ही यांची पद्धत," असा तुमचा शेवट आहे.

जिथं आमचं चुकलंय ते आधी सांगतो. ग्रीस उडालं ती शंभर टक्के आमची चूक. परवा गाडी जॅकवर घेतली तेव्हा मी स्वतः आडवा होऊन बघितलं. बुटाचं मोठं तोंड जॉइंटवर घट्ट होतं, पण शाफ्टकडच्या, म्हणजे एक्सलच्या दांड्याकडच्या, बारक्या तोंडावरची आवळपट्टी हातानं फिरत होती. ती पट्टी आवळायची वेगळी पकड असते आणि ती आमच्याकडे आहेही. नव्या पोरानं साध्या पकडीनं दाबून दिली आणि मी चाक बसायच्या आधी हात लावून बघितलं नाही. बूट खाचेतून सरकला, ग्रीस पाझरलं आणि फिरत्या शाफ्टनं ते रिमवर भिरकावलं. यावर माझी काही सफाई नाही.

दोन दिवस लागले त्याचं कारण सांगितलं तर तुम्ही हसाल. गाडी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सोलापूरच्या ग्रामदैवताचा, सिद्धेश्वरांचा अक्षता सोहळा होता. आमच्या चारपैकी तिघं पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजांच्या मिरवणुकीत. गड्ड्याच्या जत्रेतल्या त्या दिवशी सोलापुरात पाना हातात धरायला माणूस मिळत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं. पण गाडी घेताना तारीख मला माहीत होती आणि तरी मी "उद्या संध्याकाळी न्या" म्हणालो. तोंडाची सवय, दुसरं काय.

आता कटकट. इथं मात्र मला तुमचं म्हणणं पटत नाही.

रबर कटकट करत नाही, सर. पुढच्या चाकाला ताकद पोचवणारा शाफ्ट असतो. चाक खड्ड्यात खाली जातं, वर येतं, स्टेअरिंगबरोबर वळतं, आणि तरीही त्याला फिरणं एकसारखं मिळायला हवं. म्हणून शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला जॉइंट असतो आणि त्यात सहा पोलादी गोळ्या आपापल्या खाचांत सरकत राहतात. त्या गोळ्या काळ्या मॉलिब्डेनम ग्रीसमध्ये बुडालेल्या असाव्या लागतात. बूट म्हणजे त्यावरची लोहाराच्या भात्यासारखी घड्यांची रबरी पिशवी. तिचं काम एवढंच, ग्रीस आत ठेवायचं आणि माती-पाणी बाहेर. पिशवी फाटली की ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि त्याच फटीतून कच आत शिरते. मग गोळी आणि खाच एकमेकींना घासून खातात. खाचेला खड्डा पडला की पूर्ण वळणावर, जोर आला की, गोळी त्यात आपटते. तीच तुमची कटकट.

तुम्ही लिहिलंय की बूट हुरड्याला शेतात गेलात तेव्हा फाटला, म्हणजे आमच्याकडे यायच्या आठवडाभर आधी, मग एवढ्यात जॉइंट कसा जाईल? प्रश्न बरोबर आहे. पण तुमचा जुना बूट मी टाकलेला नाही, बिलाचा नंबर लिहून फडताळात ठेवलाय. तो घडीच्या तळाशी, गोलाकार, जवळजवळ अर्ध्या वेढ्यापर्यंत फाटलाय आणि शेजारच्या दोन घड्यांनाही बारीक चिरा आहेत. शेतातली काडी लागली तर असं होत नाही, हे रबर वाळून गेल्याचं लक्षण आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 43 च्या आसपास जातो, पावसाळ्यात काळी माती चाकाच्या आत चिकटते आणि वाळून दगड होते. जुन्या गाडीचं रबर यात टिकणार किती? शिवाय चाकाच्या आतलं ग्रीस ओलं नव्हतं, धुळीबरोबर वाळून त्याचा थर झाला होता, स्क्रू ड्रायव्हरनं खरवडावा लागला. जॉइंट उघडला तर काळ्या ग्रीसऐवजी तांबूस चिखल. पाणी जाऊन गंज धरला की असा रंग येतो. हे एका आठवड्याचं काम नव्हे. आमच्या मते निदान गेला पावसाळा त्या जॉइंटनं उघड्यानं काढलाय.

याउलट, मागच्या वर्षी मोहोळकडची एक गाडी तुरीच्या रानातून थेट आमच्याकडे आली होती. तुरीचं धसकट म्हणजे खिळाच, बूट सरळ रेषेत चिरला होता आणि ग्रीस अजून टपकत होतं. दुसऱ्या दिवशी जॉइंट डिझेलनं धुतला, पुसून कोरडा केला, नवं ग्रीस भरलं, नवा बूट चढवला. एवढ्यावर ती गाडी आजही बिनआवाजाची फिरते. काम तेच, बिलही जवळपास तेवढंच. फरक गाडी कधी आली याचा.

मग तुमच्या गाडीचा आवाज मध्ये पंधरा दिवस कुठं गेला होता? नव्या, दाट ग्रीसखाली दबला होता. झिजलेल्या जॉइंटमध्ये ताजं ग्रीस भरलं की काही दिवस गप्प बसतो, हा आमच्या धंद्यातला नेहमीचा अनुभव. त्यातून तुमच्या गाडीचं ग्रीस आमच्या सैल पट्टीतून बाहेर आलं, म्हणजे तो लवकर बोलला.

आणि आता जी गोष्ट लिहायला मला सगळ्यात अवघड जातेय ती. आवाज पहिल्याच दिवशी होता आणि आम्हाला माहीत होता. आमच्या मागच्या मोकळ्या जागेत स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे धरून गोल चक्कर मारली, तर डावीकडून स्पष्ट कटकट. गाडी तुमचे चिरंजीव घेऊन आले होते, ते शेजारच्या सीटवर होते. मिस्त्रीनं त्यांना तिथंच सांगितलं, "जॉइंट खाल्लाय, नुसत्या बुटानं भागणार नाही." ते म्हणाले, गाडी दिवाळीपर्यंतच ठेवायचीय, फार खर्च नको, बूट टाका. आम्ही टाकला. तुमच्या घरात वाद लावण्यासाठी हे लिहीत नाही, पोराचं यात काहीच चुकलं नाही. जुन्या गाडीवर किती खर्च करायचा हा प्रश्न सगळ्याच घरांत असतो, आणि वाजणाऱ्या जॉइंटवर बूट घालून सहा महिने काढणारे गिऱ्हाईक आम्ही रोज बघतो. पण गाडी तुमची, बिल तुमच्या नावाचं, फोन नंबर जॉब कार्डवर लिहिलेला. तुम्हाला एक फोन करायला हवा होता. निदान बिलावर "जॉइंट वाजतो, फक्त बूट बदलला" एवढी ओळ हवी होती. ती नाही. त्यामुळे तुम्हाला वाटणारच की हे आत्ता नवीन काढलं. मी तुमच्या जागी असतो तर मलाही तेच वाटलं असतं. एक स्टार कदाचित मीही दिला असता, पण "ही यांची पद्धत" हे वाक्य लिहिलं नसतं.

तुम्ही व्हिडिओत पाहिलेल्या बुटाबद्दलही दोन शब्द. शाफ्ट न काढता गुंडाळून चिकटवायचा, दोनशे रुपयांत मिळणारा. मिळतो, खोटं नाही. रस्त्यात अडकलेल्या माणसानं घरापर्यंत यायला वापरला तर माझी ना नाही. पण शाफ्ट न काढता आतली माती काढणार कशी? मातीसकट बूट बंद करणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. आणि ती चिकटवलेली शिवण प्रत्येक वळणावर ताणली जाते. आम्ही तो बूट ठेवत नाही.

आता हिशेब. 1,650 मध्ये बूट किटचे 550, मजुरी 800 आणि गिअर ऑइलचे 300 होते, कारण शाफ्ट गिअरबॉक्समधून ओढला की ऑइल सांडतंच. पहिल्याच वेळी तुम्हाला विचारलं असतं आणि तुम्ही हो म्हणाला असता, तर शाफ्ट एकदाच निघाला असता. म्हणून नव्या जॉइंटच्या 3,200 मधून मजुरी आणि ऑइल मिळून 1,100 कमी करतो, 2,100 द्या. बुटाचे 550 मात्र परत करणार नाही. तो घालायला तुमच्या घरूनच सांगितलं होतं आणि माल खरा होता. आणि जॉइंट बदलायचाच नसेल, तर बूट काढून, ग्रीस भरून, पट्टी नीट आवळून देतो, त्याचा एक रुपया घेणार नाही. फक्त कटकट राहील, हे या वेळी लिहून देतो. दुसऱ्या गॅरेजला दाखवायची असेल तर खुशाल दाखवा. तिथं जाताना जुना बूट माझ्याकडून घेऊन जा, त्यांनाही बघू दे.

गाडी सध्या गावात चालवायला हरकत नाही. पूर्ण स्टेअरिंग वळवलेलं असताना अॅक्सिलरेटर जोरात दाबू नका, आणि तुळजापूर-पंढरपूर असं लांब तूर्त नको. बुधवारी सकाळी नऊच्या आत आलात तर संध्याकाळी गाडी देतो. कॅलेंडर बघितलंय, त्या दिवशी कुठली यात्रा नाही.