टिंब वर की खाली?

आमच्या भजनी मंडळात पेटी माझ्याकडे असते. काळी दोन धरायची, बुवा जातील तिकडे बोटं न्यायची, एवढंच माझं संगीतशास्त्र. जळगावात ते खपूनही जात होतं. पण बहिणीची नात सुट्टीत आली आणि विचारती झाली, "आजोबा, तुम्ही हे वाचून वाजवता की अंदाजाने?" 'अंदाजाने' असं काही नाक मुरडून म्हणाली, की मी क्लासला नाव घातलं.

क्लासातली बाकी मंडळी तिसरी-चौथीतली. त्यात मे महिना. संध्याकाळ झाली तरी भिंती भाकरी भाजता येईल इतक्या तापलेल्या. पंखा लावला की वहीची पानं उडतात, बंद केला की घाम वहीवर ठिपकतो. आणि स्वरलिपीत, म्हणजे सूर कागदावर लिहायच्या रीतीत, ठिपक्याला फार किंमत असते हो! भातखंडे पद्धतीत स्वराखाली टिंब म्हणजे मंद्र, खालचं सप्तक; डोक्यावर टिंब म्हणजे तार, वरचं. खाली आडवी रेघ असली की स्वर कोमल, म्हणजे जरा उतरलेला; 'म'वर उभी रेघ असली की तीव्र, म्हणजे जरा चढलेला. माझ्या घामाने कितीतरी स्वर परस्पर मंद्रात गेले. तालाचं तर विचारूच नका. तीनतालाच्या सोळा मात्रा मांडल्या, पहिल्या मात्रेला, म्हणजे समेला, × आणि नवव्या मात्रेला, म्हणजे खालीला, 0. शाळेत गणिताच्या वहीत मास्तरांनी मला याच दोन खुणा दिल्या होत्या.

तरी हळूहळू जमत होतं. भूप राग आला. म आणि नी वर्ज्य, म्हणजे काळजीचे दोन स्वर आपोआप कमी. तेवढ्यात चोपड्याच्या मामांच्या ट्रंकेतून एक जुनं पुस्तक हाती लागलं. त्यातही भूप होता. घरी पेटी काढली, पुस्तक उघडलं. 'सा'नंतर लगेच 'ध', त्याच्या डोक्यावर टिंब. म्हणजे तार! घेतला श्वास आणि मारली उडी.

शेजारच्या काकू धावत आल्या. "काय झालं भाऊ? विंचू-गिंचू चावला का?"

पुस्तक पलुस्कर पद्धतीचं होतं. तिथे डोक्यावरचं टिंब म्हणजे मंद्र. तार दाखवायला डोक्यावर उभी रेघ, जी भातखंड्यांकडे 'म' तीव्र करते. तिथे समेला 1 आणि खालीला +. मला हवा होता त्याहून बरोबर दोन सप्तकं वरचा 'ध' मी आळीला ऐकवला होता.

दोघंही थोर, आणि दोघांचंही नाव विष्णू. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, विष्णु नारायण भातखंड्यांनी गावोगाव हिंडून घराण्यांच्या बंदिशी गोळा केल्या, रागांची दहा थाटांत, म्हणजे स्वरांच्या दहा साच्यांत, मांडणी केली. त्यांच्यापुढे आपण हात जोडावेत. पण जोडलेले हात सोडल्यावर खोडरबर कुठे फिरवायचं, हा प्रश्न उरतोच.

रात्री ओट्यावर बसून मामांचं पुस्तक भातखंडे पद्धतीत वहीत उतरवत होतो. वरचं टिंब खाली, उभ्या रेघेचं टिंब. बायको भरताची वांगी भाजत होती. बराच वेळ माझं चाललेलं बघून म्हणाली, "मधल्या सप्तकाला काय खूण असते?"

"काहीच नाही. दोन्ही पद्धतींत कोरंच."

"मग तुम्ही मधलंच गा ना. काकूंनाही झोप लागेल."