‘अलार्म नाही म्हणजे साइट ठीक’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. दर महिन्याला साइट बंद ठेवून रिसीव्हर तपासा, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की मोबाइलचं बेस स्टेशन (टॉवरवरची यंत्रणा) स्वतःची तपासणी स्वतःच करतं. अलार्म नसेल आणि व्हीएसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती लाट परत फिरते याचा आकडा; १ म्हणजे काहीच नाही) १.४च्या आत असेल, तर माझा आग्रह म्हणजे ग्राहकांना नाहक त्रास. त्रासाचा मुद्दा मला मान्य आहे. गावात एकच टॉवर असेल तर तो बंद असताना १०८ला फोन लागत नाही, हे मी विसरत नाही. पण अलार्मवर इतका भरवसा ठेवायला मी तयार नाही.

तुमचा १.४ मोजला कुठे? खाली, टॉवरच्या पायथ्याच्या कॅबिनेटपाशी. फीडरमध्ये, म्हणजे तिथून वर अँटेनाकडे जाणाऱ्या केबलमध्ये, ३ डीबी (डेसिबल; ३ डीबी म्हणजे ताकद निम्मी) घट असेल तर अँटेनाकडून परत फिरलेली लाट जाताना ३ आणि येताना ३, अशी ६ डीबीने क्षीण होऊन खाली पोचते. वर रिटर्न लॉस (परतलेली लाट गेलेल्या लाटेपेक्षा किती क्षीण, तो आकडा) जेमतेम १० डीबी असला, म्हणजे व्हीएसडब्ल्यूआर १.९ असला, तरी खाली १६ डीबी दिसतो. म्हणजे १.४च्या आतच! फीडरमधली घट जितकी जास्त, तितका खालचा आकडा देखणा.

आणि ट्रान्समीटर-रिसीव्हरला एकाच मापाने मोजू नका. ट्रान्समीटर २० वॅट सोडतो. तो पडला तर फोनवरच्या काड्या जातात, लगेच तक्रार येते. जीएसएमच्या (२जीच्या) साध्या बेस स्टेशनच्या रिसीव्हरला मात्र -१०४ डीबीएमचा (एक मिलिवॅटपेक्षा १०४ डीबीने क्षीण) सिग्नल ऐकू यायला हवा. दोन्हींत सुमारे ५०० लाख कोटी पटींचा फरक आहे. रिसीव्हर बहिरा झाला तरी काड्या भरलेल्याच राहतात. फोन लागत नाही, लागला तर आवाज तुटतो, आणि लोक बिचारे हँडसेट बदलत बसतात.

कोकणातल्या एका साइटवर, ऐन जुलैत, नेमकं हेच झालं होतं. अलार्म एकही नाही. रिसीव्हरच्या दोन शाखांपैकी (एकाच फोनचा सिग्नल ऐकणाऱ्या दोन वाटांपैकी) एकीवर सिग्नल दुसरीपेक्षा ८ डीबीने कमी. कॅबिनेटपाशी दोन जंपरांची (जोडणाऱ्या आखूड केबलींची) अदलाबदल केली, तर कमतरता जंपरबरोबर दुसऱ्या शाखेवर गेली. म्हणजे रिसीव्हरचं कार्ड निर्दोष, दोष वर. अँटेनाखालचा कनेक्टर उघडला आणि हातावर पाणी ओघळलं. टेप वरून खाली गुंडाळली होती. ती खालून वर न्यायची असते, म्हणजे प्रत्येक वेढा खालच्यावर कौलासारखा चढतो आणि पाणी बाहेरून निथळतं. इथे प्रत्येक वेढ्याची कड वर तोंड करून पाणी आत घेत होती. त्या सेक्टरखालच्या (टॉवरच्या त्या दिशेच्या) वाड्यांनी किती दिवस काढले असतील, याचं मला अजून वाईट वाटतं.

साइट बंद कशाला, असंही तुम्ही विचारलंत. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर डुप्लेक्सरमधून (जाणारा-येणारा सिग्नल वेगळा ठेवणाऱ्या फिल्टरमधून) एकाच पोर्टवर येतात. तिथे सिग्नल जनरेटर (चाचणीचा सिग्नल सोडणारं यंत्र) लावून -१०४ डीबीएमवर बिट एरर (चुकीचे ऐकलेले बिट) मोजायचे, तर आधी ट्रान्समीटर लॉक, म्हणजे बंद, करावाच लागतो, नाहीतर ते २० वॅट जनरेटरमध्ये घुसतात.

मात्र ‘दर महिन्याला करा’ हे मी लेखात सरसकट लिहिलं, ते चुकलं. तिथे दुरुस्ती करतो. दोन शाखांमधला फरक चालू साइटवरही आकडेवारीत दिसतो. तो आधी पाहावा. ३-४ डीबीच्या वर जाऊन तिथेच टिकला, तरच रात्री दोननंतर, गावाला आधी कळवून, साइट बंद करावी.