ठाण्याच्या श्रोत्याला नावं ठेवू नका

आमच्या नौपाड्यातल्या जुन्या शेजाऱ्यांच्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चालू आहे. मुंबईच्या खाजगी एफएमवर मराठी गाण्यांना ठरावीक वाटा असावा की नसावा? कुणीतरी असावा म्हणालं. त्यावर एका काकांनी लिहिलं, ठाण्याचा श्रोता आता तो राहिलेला नाही, मराठी गाणं लागलं की रिक्षावालाही स्टेशन बदलतो. खाली आणखी एकाने विचारलं, मग काय दिवसभर हळदीची आगरी गाणी ऐकायची? आणि त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मला ते हसू सहन झालं नाही. मी उत्तर दिलं, तर "तू माँट्रियलमध्ये बसून आम्हाला मराठी शिकवू नकोस" असं ऐकवलं गेलं. ठीक आहे. इथे बसूनच लिहिते, कारण इथे राहिले म्हणूनच मला हे दिसलं.

माँट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्युबेकमधल्या फ्रेंच एफएम केंद्रांना आठवड्याभरातल्या लोकप्रिय गाण्यांपैकी किमान ६५ टक्के गाणी फ्रेंच लावावी लागतात. सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते संध्याकाळी ६ या वेळेत किमान ५५ टक्के, म्हणजे सगळी फ्रेंच गाणी मध्यरात्री उरकून टाकायची सोय नाही. हा नियम कॅनडाच्या केंद्रीय नियामकाचा, सीआरटीसीचा आहे, आणि बाकीचा बहुतेक देश इंग्रजी बोलतो. केंद्रचालक यावर कुरकुर करत आले आहेत. इंग्रजी गाण्यांचे तुकडे जोडून ते एकच गाणं म्हणून मोजायची पळवाटही त्यांनी काढली. तरी नियम टिकला. जेमतेम ९० लाखांच्या या प्रांतात फ्रेंच गाण्याला रोज सकाळी जागा आहे. मराठी मातृभाषा सांगणारे २०११च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख होते, आणि आमच्या ग्रुपवर प्रश्न काय, तर ऐकणार कोण?

"लोकांना हवं तेच वाजतं" हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. माझ्या लहानपणी घरात ५५८ किलोहर्ट्झवर आकाशवाणीचं मुंबई ब लागायचं, म्हणजे आताची अस्मिता वाहिनी. 'आपली आवड'साठी लोक पत्रं पाठवायचे. 'कामगारसभा' या कार्यक्रमात लोकगीतं, कोळीगीतं लागायची आणि शेजारच्या घरातूनही तीच ऐकू यायची. ही वाहिनी मध्यम लहरींवर होती. २००२मध्ये मुंबईत खाजगी एफएम आलं, मग रेडिओ मोबाइलमध्ये शिरला, आणि मोबाइलला मध्यम लहरी लागतच नाहीत. श्रोत्याने मराठी सोडलं असं म्हणण्याआधी त्याच्या हातात कोणता रेडिओ उरला होता ते तरी बघा. खाजगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही, त्यामुळे गाणी आणि बडबड एवढंच त्यांचं भांडवल. जाहिरात पूर्ण मुंबईला डोळ्यासमोर ठेवून विकायची. ठाणं, नवी मुंबई त्यातच मोजायची. २००७पासून मोठ्या शहरांत श्रोत्यांकडून डायऱ्या भरून घेऊन कोण काय ऐकतं याचे आकडे काढले जाऊ लागले. पण डायरीत श्रोता जे वाजतं त्यातलंच लिहिणार. जे कधी लागलंच नाही, त्याची आवड तो कुठल्या रकान्यात भरेल?

आणि चेन्नईत खाजगी एफएम मुख्यतः तमिळ गाण्यांवर चालतं. तिथल्या जाहिरातदारांचं काही अडलेलं नाही. २०१६ साली 'सैराट'ची गाणी आपल्याकडच्याही खाजगी केंद्रांवर वाजली, तेव्हा कुठल्या रिक्षात स्टेशन बदललं गेलं?

आता त्या हसऱ्या चेहऱ्यांबद्दल. ज्या ९५ गावांच्या जमिनी घेऊन सिडकोने नवी मुंबई वसवली, त्या आणि त्यांच्या शेजारच्या गावांमधल्या आगरी लोकांची ही हळदीची गाणी आहेत. घणसोली, दिवा, कळवा, कोपरी, कुठल्याही हळदीला जाऊन बघा, आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना शब्द पाठ असतात. यूट्यूबवर ती पोरं स्वतःच्या पैशाने चित्रीकरण करून गाणी टाकतात आणि लोक ती उचलून धरतात. त्यांना रेडिओची वाट बघावी लागलेली नाही. रेडिओने मात्र आपल्याच दारातला श्रोता गमावला. पी. सावळारामांसारखा गीतकार ज्या ठाण्याचा नगराध्यक्ष होऊन गेला, त्या ठाण्यातल्या शिकलेल्या माणसांनी शेजारच्या गावाच्या गाण्याला हसावं, याची मला लाज वाटते. इथे क्युबेकमध्येही शहरी लोक खेड्यातल्या गाण्यांना नाकं मुरडतात, पण रेडिओवरून ती हाकलून द्या असं म्हणत नाहीत.

काकांच्या रिक्षावाल्याकडे मी फार वेगळ्या नजरेने बघते. मी माँट्रियलजवळच्या ब्रोसारला राहायला आले तेव्हा मला फ्रेंचचा गंधही नव्हता. शॅम्प्लेन पुलावरच्या गर्दीत गाडीचा रेडिओ लावायचे आणि फ्रेंच गाणं लागलं की मीही स्टेशन बदलायचे. पण सगळीकडे तेच लागायचं. हळूहळू चाली ओळखीच्या झाल्या, मग शब्द, मग गायकांची नावं. देपानरमधल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातल्या बाईशी मी पहिल्यांदा मोकळेपणाने बोलले ते गाण्यावरच. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये ले काउबॉय फ्रँगाँ या इथल्या बँडचा गायक कार्ल ट्रॉम्ब्ले गेला, बेल सेंटरमध्ये सरकारी इतमामात त्याला निरोप दिला गेला. रेडिओवर त्याचीच गाणी लागत होती आणि मी कामावर जाताना गाडीत रडत होते. ठाण्याच्या घरी हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू आमची राहिली नाहीस असं म्हणाले असते, आणि त्यात थोडं तथ्य आहे. मी त्या दिवशी इथली झाले होते. नियमाने लावलेल्या गाण्यांनी मला इथे आत घेतलं होतं.

म्हणून घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये इंदूरहून किंवा पाटण्याहून आलेल्या कुटुंबाचा विचार माझ्या मनात येतो. दहा वर्षं ठाण्यात राहूनही त्यांच्या कानावर मराठी गाणं पडत नाही, आणि मग आपणच ग्रुपवर तक्रार करतो की बाहेरचे लोक मराठी शिकत नाहीत. शिकणार कुठून? दुकानांच्या पाट्या वाचून?

एफएमचं लायसन्स दिल्लीहून मिळतं हे मलाही माहीत आहे. पण २०२४च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांना मंजुरी दिली, तेव्हा मातृभाषेतल्या स्थानिक कार्यक्रमांना चालना मिळेल असंच सांगितलं होतं. मग मुंबईच्या लायसन्समध्ये ती अट घालायला काय हरकत आहे? महाराष्ट्र सरकारने २०१५मध्ये मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवायला लावला, तेव्हाही आवड लादता येत नाही असंच म्हटलं गेलं होतं. रेडिओवर मराठी गाण्यांचा वाटा सुरुवातीला ३० टक्के ठेवा, पण पहाटे पाचला नको. सकाळी ९ वाजता, तीन हात नाक्याला सगळ्या गाड्या अडकलेल्या असतात तेव्हा ती गाणी लागली पाहिजेत. आणि त्यात आगरी गाणं असलंच पाहिजे.