कांदळवन लावायचंय? आधी फोटोची जागा ठरवा

मुहूर्त 5 जूनचाच धरा. तिवर या खारफुटीच्या झाडाचं बी भर पावसाळ्यात पिकून गळतं हे खरं, पण तिवराला कुठे पर्यावरण दिन साजरा करायचाय!

जागा म्हणून ओहोटीला उघडी पडणारी मोकळी चिखलपट्टी निवडा. मागे झाडं नसल्याने बॅनर अख्खा दिसतो. कांदळवन साधारण समुद्राच्या मध्यम पातळीपासून उधाणाच्या रेषेपर्यंतच तगतं. त्याखाली लावलेलं रोप तासन्‌तास बुडतं, त्यावर बार्नॅकलची (चिकटून बसणाऱ्या, कवचवाल्या समुद्री जीवांची) पुटं चढतात आणि ते आडवं होतं. होऊ द्या, पुढच्या जूनला जागा मोकळी मिळते. याच चिखलात रोहित (फ्लेमिंगो) आणि तुतवार हे पक्षी चरतात. त्यांच्या ताटात झाडं रोवून अहवालात ‘जैवविविधता वाढली’ असं लिहायला विसरू नका.

जात एकच, कांदळ. झाडावरच रुजलेली त्याची हातभर शेंग एक तृतीयांश चिखलात खुपसली की काम झालं. काही पाहुणे ती उलटी, कोंब खाली करून खुपसतील. टोकू नका, पाहुणे आहेत. रोपं पिशवीतली असतील तर पिशवीसकटच लावा, हात स्वच्छ राहतात.

एखादे कोळीमामा म्हणतील, ‘साहेब, जुना बांध दोन ठिकाणी फोडा, भरतीचं पाणी आत खेळू द्या. तिवरं आपसूक येतील.’ मामांचं बरोबर आहे, बी पाण्यावर तरंगतच येतं. म्हणूनच त्यांना चहा द्या, माइक देऊ नका. जेसीबीच्या चार फेऱ्यांत काम उरकलं तर दहा हजार रोपांची निविदा काढायची कशी?

उलट पलीकडे जायला खाडीत भराव घालून रस्ता करा. खाली पाइप एकच, तोही तळापासून फूटभर उंच. भरतीचं पाणी आत शिरेल, ओहोटीला पुरतं निघणार नाही. तिवराची चिखलातून वर आलेली श्वसनमुळं आठवडेच्या आठवडे बुडून राहिली की उभं झाड गुदमरतं. कुऱ्हाड लागत नाही, त्यामुळे गुन्हाही दिसत नाही.

मोजणी लावलेल्या रोपांची करा, जगलेल्यांची नको. तीन वर्षांनी मोजू म्हणणाऱ्याला समितीवर घेऊच नका.

राहिला पूर. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस झाला आणि त्यात भरतीची भर पडली. तसं पुन्हा झालं आणि पाणी घरात शिरलं, तर खापर भरावावर नको, साडेचार मीटरच्या भरतीवर फोडा. तिचं वेळापत्रक वर्षभर आधी छापून येतं, तेव्हा निवेदनही आत्ताच टाइप करून ठेवा.