फुलपात्रभर पाणी

दर महिन्या-दोन महिन्यांनी एखादं मावसभावंड नाहीतर मैत्रिणीची धाकटी बहीण मला विचारते, "ताई, तू आईला कुत्र्यासाठी कसं पटवलंस?" त्यांना युक्ती हवी असते. रुसायचं किती, जेवण सोडायचं किती दिवस, आधी बाबांना फोडायचं का आईला. बाबांना फोडून काहीही होत नाही, हे आधीच सांगून टाकते. आमचे बाबा पहिल्याच दिवशी "आण की" म्हणाले होते. म्हणणारच. आपल्या घरात फरशी पुसायचं फडकं कुठे वाळत असतं, हे त्यांना तीस वर्षांत कळलेलं नाही.

मी स्वतः दोन वर्षं अगदी मूर्खासारखी मागे लागले होते. लॅपटॉपवर प्रेझेंटेशन केलं, त्यात 'एकटेपणा कमी होतो' वगैरे स्लाइड. आई म्हणाली, "मला कुठला एकटेपणा? मला पाच मिनिटं कुणी एकटं सोडत नाही." हस्कीच्या रील्स पाठवल्या. त्यावर तिचा एकच प्रश्न, "एवढी लोकर अंगावर घेऊन ते एप्रिलात पुण्यात काय करणार?" याचं उत्तर आजही मला सापडलेलं नाही, आणि धायरीच्या उन्हात धापा टाकत फिरणारी हस्की दिसली की मला आईच आठवते. शेवटी देव मध्ये आणला. दत्ताच्या तसबिरीतली चार कुत्री दाखवली. "ती तसबिरीत आहेत म्हणून चालतात," आई म्हणाली. "तिथे मुततात का?"

मग कायदा. सोसायटी परवानगी देणार नाही हे तिचं ठरलेलं निमित्त होतं. म्हणून मी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना छापून आणल्या. पाळीव प्राण्यांवर सोसायटीला बंदी घालता येत नाही, सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव केला तरी नाही. आईने कागद नीट वाचला, घडी घातली आणि तेलाच्या बरणीखाली ठेवून दिला. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, तिचं काय चुकलं? कायदा सेक्रेटरीला दाखवायचा असतो. पण हळदीकुंकवाला तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे आईला जायचं असतं, मला नाही.

इथे एक गोष्ट स्पष्टच लिहिते, कुणाला लागली तर लागो. न विचारता पिल्लू घरी आणून "आता बघा ना किती गोड आहे" म्हणणं हा शुद्ध चावटपणा आहे. माझ्या ओळखीतल्या एकाने सॅकमध्ये घालून बीगल आणलं होतं. तीन महिन्यांत ते कुणाच्या तरी शेतावर गेलं. 'शेतावर छान राहील' हे वाक्य ज्यांनी कधी म्हटलंय त्यांना ठाऊक असतं आपण काय केलं ते. आणि अशा घाईतलीच पिल्लं महिन्याभराची असताना आईपासून तोडून विकली जातात. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, पण गोड दिसण्याच्या वयात कोण दिवस मोजतो.

तर माझ्या बाबतीत काय झालं. एका रविवारी मी परत विषय काढला आणि आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "ठीक आहे. महिनाभर परीक्षा घेते तुझी." परीक्षा अशी : ती दिवसातून कधीही, घरात कुठेही, न सांगता फुलपात्रभर पाणी सांडणार. पाच मिनिटांत मी ते पुसायचं, फडकं धुवायचं, वाळत घालायचं. ती आठवण करणार नाही. एकदा चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

मला वाटलं, यात काय!

सहाव्या दिवशी ऑफिसच्या कॉलवर असताना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाणी सांडलं. माझ्या लक्षात आलं तोवर आईने पुसूनही टाकलं होतं. बोलली काहीच नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे दुधाचे खाडे मांडते तिथेच, माझाही खाडा मांडला. दुसऱ्या खेपेला सतरा दिवस टिकले. अठराव्या दिवशी पुसलं, पण फडकं तसंच बादलीत राहिलं. खाडा. दरम्यान बाबा दोनदा घसरले. नियम त्यांना माहीत होता, डोळ्यांदेखत पाणी दिसत होतं, तरी वळसा घालून जायचे. "माझी परीक्षा नाहीये," म्हणायचे.

तिसऱ्या खेपेला, बाविसाव्या की तेविसाव्या रात्री, दीड वाजता, तिने माझ्या पलंगाशेजारी पाणी ओतलं आणि दिवा लावला. मी उठले, पुसलं. इतकी झोप होती की भांडायचंही सुचलं नाही. फडकं वाळत घालून आले तर आई हॉलमध्ये बसलेली. मी सहज विचारलं, "तुला कुत्री आवडतच नाहीत का गं?"

दोन वर्षांत हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता.

"मोत्या होता आमचा," ती म्हणाली.

कऱ्हाडजवळच्या त्यांच्या गावातली गोष्ट, १९७८ची. आई अकरा वर्षांची. मोत्याला रोज संध्याकाळी भाकरी घालायचं काम तिचं. एके दिवशी मोत्याने धाकट्या मामाच्या पोटरीचा लचका काढला. पिसाळला होता की भाकरी खाताना मामाने त्याची शेपटी ओढली होती, कुणाला ठाऊक. दहा दिवस बांधून ठेवून बघायला कुणी थांबलंच नाही. गल्लीतल्या माणसांनी काठ्या घेतल्या. आईला माजघरात कोंडलं होतं, पण आवाज येत होता. आणि मग चौदा दिवस मामा एसटीने सरकारी दवाखान्यात. पोटात चौदा इंजेक्शनं. आई सोबत जायची, त्याचे पाय धरायला.

"चौदाच्या चौदा मी धरले," ती म्हणाली. "मला नको ते परत."

एवढं सांगून ती झोपायला गेली. मी माझ्या स्लाइड आठवत बसले.

पुढच्या शनिवारी मी तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. पिल्लू वगैरे काही नाही, नुसतं बोलायला. डॉक्टरांनी तिला हसण्यावारी नेलं नाही याचे मला आजही उपकार वाटतात. ते म्हणाले, तुमची भीती खरीच आहे. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही, जवळजवळ कधीच नाही, आणि जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाच्या आसपास आपल्याच देशात होतात. पण ती पोटातली इंजेक्शनं गेली. ती लस मेंढ्यांच्या मेंदूपासून बनायची. २००४-०५च्या सुमाराला आपल्याकडे ती बंद झाली. आता दंडात घेतात, पहिल्या दिवशी आणि मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी. चावल्यावर सगळ्यात आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची. आणि घरच्या कुत्र्याला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस द्यायची, मग डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर.

आईने पर्समधून पेन काढलं आणि दुकानाच्या बिलामागे हे सगळं लिहून घेतलं. मग एक प्रश्न विचारला, "पंधरा मिनिटं म्हणजे घड्याळ लावून?"

परीक्षेचे उरलेले दिवस मी पास झाले, पण खरं सांगायचं तर ते त्या शनिवारीच ठरलं होतं.

पिल्लू आणलं ते आमच्या गल्लीतल्याच कुत्रीचं. शेजारच्या अर्धवट बांधकामात वाळूच्या ढिगाआड पाच होती. दोन महिने पुरे झाल्यावर एक उचललं. बदामी रंग, एक कान उभा, एक पडलेला, पोट नगाऱ्यासारखं, आत जंतच जंत. जंताचं औषध वजनावर द्यायचं असतं, म्हणून आईने तिला कापडी पिशवीत घालून भाजीच्या ताणकाट्याला अडकवलं. दोन किलो शंभर. पिशवीसकट.

रात्रींचं काय सांगू. डॉक्टरांचा हिशेब सोपा होता, पिल्लू जितक्या महिन्यांचं तितके तास कळ काढेल. म्हणजे दोन तास. बारा, दोन, चार, सहा. सगळ्या लसी होईपर्यंत पार्व्होच्या, म्हणजे पिल्लांच्या जीवावर उठणाऱ्या विषाणूच्या भीतीने खाली न्यायचं नाही, त्यामुळे बाल्कनीत पेपर. फुलपात्रातल्या पाण्याला निदान वास नव्हता. पण हात आपोआप फडक्याकडे जायचा, हे कबूल करायला हवं. पहिल्या महिन्यात लसी, औषधं, पट्टा मिळून साडेचार हजार माझ्या पगारातून गेले, आणि सहा महिन्यांनी नसबंदी झाली त्याचे वेगळे.

नाव ठेवायला आई तयार नव्हती. "तुझी आहे, तू ठेव." मी खारी, बटर, पिस्ता असली पुणेरी बेकरी सुचवत राहिले. दरम्यान आई दिवसभर तिला "सरक बये", "सोड बये माझी साडी" म्हणत होती. पिल्लू दुसऱ्या कुठल्याही नावाला मान वळवेना. महापालिकेच्या परवान्याचा अर्ज भरताना मी नावाच्या रकान्यापाशी थांबले तर आतून आवाज आला, "बया लिही."

कांदा, लसूण, बेदाणे, चॉकलेट यातलं कुत्र्याला काही चालत नाही, हे कळल्यावर आई आधी वैतागली होती, "म्हणजे आपल्या घरातलं काहीच नाही." आता चिकन फोडणीला टाकण्याआधी बयेचे तुकडे नुसत्या पाण्यात शिजतात. सत्यनारायणाच्या प्रसादातला एक बेदाणा खाली पडला तर गुरुजींना ओलांडून आईच झेप घेते. गुडघे दुखतात म्हणणारी बाई.

मामा मागच्या महिन्यात आला. आता साठीला टेकलाय. दार उघडायच्या आधीच जिन्यातून ओरडला, "बांधलंय न्हवं?"

"आम्ही बांधत नाही तिला," आई आतून म्हणाली. "तूच बस लांब."

तो दाराशीच उभा राहिला. बया त्याच्या चपला हुंगत होती. आईने कपाट उघडलं, रेशनकार्ड आणि घरपट्टीच्या पावत्या ठेवते ती प्लॅस्टिकची पिशवी काढली, त्यातून बयेच्या लसीचं पुस्तक काढलं, चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक तारीख त्याला वाचून दाखवायला लागली.